वांग्याचा डाग आणि पट्टकृमीचे अंडे

जळगावचे भरताचे वांगे चिरून ठेवले की पांढरा गर थोड्याच वेळात तपकिरी पडतो. वर्गात दाखवायला याहून स्वस्त प्रयोग नाही. गरातील फेनॉल वर्गाचे पदार्थ, एक विकर आणि हवेतील ऑक्सिजन एकत्र आले की क्विनोन बनतात. क्विनोन प्रथिनांच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधतात. हीच क्रिया आपल्याला पट्टकृमीच्या अंडकवचापर्यंत नेते, पण वाट झुरळावरून जाते!

झुरळाची अंडी ज्या डबीत असतात ती आधी मऊ, फिकट असते आणि मग तपकिरी होऊन कडक बनते. ही डबी काइटिनची, असा जुना समज होता. प्रायर यांनी १९४० मध्ये दाखवले की ती प्रथिनाची आहे आणि क्विनोनमुळे घट्ट होते. म्हणजे कातडी कमावण्यासारखाच हा प्रकार. १९४७ मध्ये स्टीफन्सन यांना यकृतकृमीच्या अंडकवचात हीच क्रिया आढळली, आणि पुढच्या दशकात स्मिथ यांनी ती पट्टकृमीतही दाखवली. कवचाचे प्रथिन, फेनॉल आणि विकर हा सारा माल पीतक ग्रंथीच्या पेशी पुरवतात.

आता आपल्या नद्यांकडे वळू. वाम माशाच्या आतड्यात सेंगा नावाचा पट्टकृमी असतो. त्याच्या एका जातीला शिंदे व जाधव यांनी १९८० मध्ये गोदावरीचे नाव दिले. या गटाची अंडी पाण्यात पडतात, म्हणून त्यांना कमावलेले कवच आणि वर उघडणारे झाकण असते.

धुळ्याच्या ठेलारी मेंढपाळांच्या मेंढ्यांसारख्या जमिनीवरच्या प्राण्यांतील पट्टकृमींचे गणित वेगळे. त्यांची पीतक ग्रंथी लहान असते. अविटेलिनाला तर ती नसतेच, नावाचा अर्थच तो! टीनिया या पट्टकृमीत बाहेरचे कवच पातळ असते आणि बहुधा गळून पडते. संरक्षण करतो तो गर्भाभोवतीचा ठोकळ्यांचा जाड कोट. तो केराटिनसारख्या प्रथिनाचा, म्हणजे केस-नखांप्रमाणे गंधकाच्या बंधांनी घट्ट झालेला असतो. तेव्हा ‘पट्टकृमीचे कवच कशाचे?’ या प्रश्नाला एकच उत्तर देणे बरोबर नाही.

हा कोट मातीत महिनोन्‌महिने टिकतो, मात्र पाचकरसांत त्याचे ठोकळे सुटे होऊन गर्भ मोकळा होतो. डुकरातील टीनियाची अंडी न धुतलेल्या कोथिंबिरीवरून माणसाच्या पोटात गेली, तर अळ्या मेंदूत पोचून फेफरे येऊ शकते, मग तो माणूस शाकाहारी का असेना. निक्लोसामाइडने आतड्यातला कृमी मरतो, पण अंडी मरत नाहीत. शिजवण्याच्या उष्णतेपुढे मात्र तो कोट टिकत नाही.