घाशीराम कोतवालाचा वध आणि जमावाचे मन

आज ‘गर्दी’ म्हटले की माणसांची दाटी एवढाच अर्थ ध्वनित होतो. परंतु ‘गर्दीस मिळविणे’, म्हणजे नाश करणे, या जुन्या वाक्प्रचाराने त्या शब्दाची दुसरी बाजू जपून ठेवली आहे. जमावाविषयीच्या विवेचनात सहसा हीच बाजू पुढे येते. गुस्ताव्ह ल बाँ या फ्रेंच लेखकाने १८९५ मध्ये असे प्रतिपादिले की, समूहात शिरताच व्यक्तीची विचारशक्ती लोपते व ती भावनेच्या संसर्गाने वाहवत जाते. ऑगस्ट १७९१ मधील पुण्याच्या घटनेस हे सूत्र लावून पाहिले असता ते अपुरे पडते.

घाशीराम सावळदास हा १७७७ पासून शहराचा कोतवाल. नाना फडणिसांचा त्याच्यावर वरदहस्त. (तेंडुलकरांच्या १९७२ च्या नाटकातील घाशीराम येथे अभिप्रेत नाही.) पुण्यात आलेल्या तेलंग ब्राह्मणांपैकी तीसएक जणांना त्याच्या अंमलात एका कोंदट कोठडीत डांबण्यात आले, त्यांतील वीसएक गुदमरून मेले. मानाजी फाकड्याने कोठडी उघडविली, वार्ता पेशव्यांपर्यंत गेली, आणि ब्राह्मणांचा जमाव नानांच्या दारी लोटला.

या जमावाने दार फोडले नाही. कोतवालास देहान्त द्यावा अशी मागणी करून तो तेथेच अडून बसला. अखेर घाशीराम त्याच्या हवाली झाला आणि ३१ ऑगस्ट रोजी धिंडीनंतर दगडांनी ठेचला गेला. धिंड ही दरबारच्याच शिक्षापद्धतीतली. म्हणजे क्षोभ जमावाचा असला तरी त्याला आकार व अनुज्ञा राज्याची होती. विचारशक्ती लोपलेल्यांना अनुज्ञेची वाट पाहण्याचे कारण नसते.

मग प्रश्न उरतो तो असा: कोतवालाचा जाच शहराने चौदा वर्षे सोसला, तेव्हा हा जमाव कोठे होता? जॉर्ज रूडे या इतिहासकाराने १९६४ च्या ग्रंथात जमावात कोण होते व त्यांना काय हवे होते, हे आधी विचारावे असे सुचविले. पुण्यापुरते उत्तर अप्रिय आहे. मेलेले ब्राह्मण होते; ब्राह्मण पेशव्यांच्या राजधानीत ब्रह्महत्येचा आक्रोश ऐकला जाणे भाग होते. इतरांच्या हालांना तेवढा आवाज नव्हता.

घाशीराम हवाली होताच त्याला नेमणाऱ्याकडे बोट दाखविण्याचेही कारण संपले. नाना पुढेही कारभारी राहिले. या प्रसंगाच्या कथनांत नाना, मानाजी, घाशीराम ही नावे येतात. दगड मारणारे मात्र ‘ब्राह्मण’ या समूहनामात राहतात. ‘घाशीराम मारला गेला’ या कर्मणी वाक्याला कर्ता लागत नाही.