कोळशाच्या खाणीतले दास्य : स्कॉटलंडच्या इतिहासातील एक धडा

स्कॉटलंडचा इतिहास म्हटला की राणी मेरी, धर्मसुधारक जॉन नॉक्स, तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम आणि अर्थशास्त्रज्ञ अॅडम स्मिथ ही नावे डोळ्यांपुढे येतात. पाठ्यपुस्तके तेवढ्यावरच थांबतात. परंतु ह्यूम आणि स्मिथ स्वातंत्र्याची मीमांसा करीत होते, त्याच काळात त्यांच्याच देशात, जमिनीच्या पोटात, माणसे कायद्याने बांधलेली होती. त्यांची आठवण फारसे कोणी काढत नाही.

१६०६ साली स्कॉटिश पार्लमेंटने एक कायदा केला. कोळसा खणणारे, तो वाहणारे आणि समुद्राचे पाणी उकळून मीठ काढणारे कामगार यांना जुन्या मालकाच्या दाखल्याशिवाय कोणीही कामावर ठेवू नये, असे त्यात होते. एखादा निघून गेलाच तर वर्ष आणि एक दिवसाच्या आत मालकाला त्याला परत मागता येई. आगाऊ मजुरी घेऊन पळालेला कामगार चोर ठरे. त्याने चोरलेले काय? तर स्वतःचेच शरीर! एवढ्याने भागले नाही. भटक्या, धडधाकट भिकाऱ्यांना पकडून खाणीत जुंपण्याचा अधिकारही मालकांना मिळाला. हे मालक कोण होते? बहुतेक जमीनदार सरदार. पार्लमेंटात बसणारे तेच आणि खाणी बाळगणारेही तेच. कायदा कोणाच्या हाताने लिहिला गेला हे वेगळे सांगायला नको. १६४१ साली बंधन आणखी आवळले गेले. आठवड्याचे सहाही दिवस काम सक्तीचे झाले आणि सणासुदीला घरी राहणाऱ्याला दंड बसू लागला.

हे बंधन पिढीजात कसे झाले ते पाहण्यासारखे आहे. मूल जन्मले की बाप्तिस्म्याच्या वेळी मालक बापाच्या हातावर थोडे पैसे ठेवी. बापाने ते घेतले की मूल खाणीला बांधले गेले. खाण विकली की तिच्याबरोबर कामगारही नव्या मालकाकडे जात. पुरुष कोळसा फोडी आणि त्याची बायको व मुली तो पाठीवरच्या टोपल्यांतून वर वाहून नेत. १७०१ साली बेकायदा तुरुंगवासापासून प्रजेला संरक्षण देणारा कायदा झाला. त्यातून कोळसा व मीठ कामगारांना स्पष्ट शब्दांत वगळण्यात आले. प्रजेच्या हक्कांच्या कायद्यातच काही प्रजेला बाहेर ठेवण्यात आले!

या कामगारांची मजुरी मात्र इतर मजुरांपेक्षा बरीच जास्त होती, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. खुद्द स्मिथने १७७६ च्या ग्रंथात तसे लिहिले आहे. तेव्हा हे दास्य उपासमारीचे नव्हते. माणसाला 'मी जातो' असे म्हणता येत नव्हते, हे त्याचे खरे स्वरूप होते. पोट भरले म्हणजे गुलामी संपते असे मानणाऱ्यांनी या उदाहरणाचा विचार करावा.

या इतिहासातले एक पान मला सर्वांत मोलाचे वाटते. वेस्ट इंडीजमधून फाइफ परगण्यात आणलेल्या एका आफ्रिकी गुलामाने १७६९ साली वीम्स येथे बाप्तिस्मा घेतला, डेव्हिड स्पेन्स हे नाव स्वीकारले आणि आपण आता स्वतंत्र आहोत असे मालकाला कळवले. मालकाने त्याला पकडवले. प्रकरण एडिंबरोच्या न्यायालयात गेले. खटल्याच्या खर्चाला पैसे कोणी दिले? त्या भागातल्या खाणकामगारांनी, मीठ कामगारांनी आणि शेतमजुरांनी! जे स्वतः बांधलेले होते त्यांनी दुसऱ्याच्या मुक्तीसाठी आपल्या गाठीचे पैसे सोडले. निकाल लागण्यापूर्वीच मालक मेला आणि स्पेन्स मोकळा झाला. पुढे जोसेफ नाइट या दुसऱ्या गुलामाच्या खटल्यात १७७८ साली याच न्यायालयाने निर्णय दिला की, जमेकातला गुलामीचा कायदा स्कॉटलंडमध्ये चालणार नाही.

नाइटच्या वकिलांत हेन्री डंडास होता. हाच डंडास १७९२ साली पार्लमेंटात गुलामांचा व्यापार 'हळूहळू' बंद करावा म्हणून उभा राहिला. पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळाचा तो अध्यक्षही झाला. न्यायालयात एका गुलामाची बाजू मांडणे वेगळे आणि गुलामीवर पोसलेली व्यवस्था मोडणे वेगळे!

खाणकामगारांच्या वाट्यालाही हा 'हळूहळू'चाच न्याय आला. त्यांची स्थिती दास्याची आहे हे १७७५ च्या कायद्याने कबूल केले. त्यांना मुक्त केल्याने कामगारांची संख्या वाढेल, हा हिशेबही त्यात मांडलेला होता. नव्याने कामावर येणारे मोकळे झाले. जुन्यांना मात्र वयाप्रमाणे तीन ते दहा वर्षे थांबायचे होते. शिवाय न्यायालयात जाऊन आपल्या मुक्तीचा हुकूम स्वतःच मिळवायचा होता. संघटित होऊन मालकाविरुद्ध उभे राहणाऱ्याची मुदत दोन वर्षांनी वाढे. कर्जात बुडालेला माणूस कोर्टाची पायरी कशी चढणार? फार थोडे सुटले. शेवटी १७९९ च्या कायद्याने सर्वांना विनाअट मोकळे केले. १६०६ पासून १७९९ पर्यंत, म्हणजे १९३ वर्षे गेली! स्त्रियांना जमिनीखालच्या कामातून बाहेर काढायला तर १८४२ उजाडावे लागले.

स्कॉटलंडचे हे दास्य आणि आपल्याकडची अस्पृश्यता एक नव्हे. तिथले दास्य कायद्याने निर्माण केले आणि कायद्यानेच ते पुसता आले. त्याला शास्त्राचा आधार नव्हता. आपल्याकडे १९५८ साली महार वतन कायद्याने गेले, पण वतनामागचा धर्माचा शिक्का कायद्याने पुसला गेला नाही. म्हणून आपली लढाई अधिक खोल आहे. तरीही दोन गोष्टी तिथून घेण्यासारख्या आहेत. मुक्तीच्या कायद्याच्या नावावर न भुलता त्यातल्या अटी वाचल्या पाहिजेत. आणि स्वतःच्या बेड्या तुटायची वाट न पाहता दुसऱ्याच्या बेडीवर घाव घालता येतो, हे वीम्सच्या त्या अनाम कामगारांकडून शिकले पाहिजे.