हलक्या गळाची गोष्ट

क्रॅपी हा उत्तर अमेरिकेतल्या तळ्यांतला मासा. त्यातल्या पांढऱ्या जातीचे शास्त्रीय वर्णन राफिनेस्क यांनी १८१८ साली केले. त्याच्या तोंडाची त्वचा कागदासारखी पातळ असते. हिसका बसला की ती फाटते, मासा निसटतो. म्हणून गळ हलका, दोरी बारीक हवी.

पण हलका गळ लांब फेकायचा कसा? जुन्या पद्धतीत सुटणाऱ्या दोरीला सगळे रीळ फिरवावे लागे. इलिंगवर्थ यांनी १९०५ साली इंग्लंडमध्ये पेटंट घेतलेल्या साधनात रीळ स्थिरच राही, दोरी त्याच्या कडेवरून सुटे. १९३८ साली नायलॉन जाहीर झाले आणि पुढे बारीक तरी चिवट दोरीही मिळाली.

जडत्व शिकवताना आपण शिवणाच्या दोऱ्याचे रीळ पेन्सिलीवर फिरवून, मग स्थिर ठेवून टोकाकडून दोरा ओढून पाहू. फरक बोटांनाच कळेल.