महाविद्यालयीन फुटबॉलमधील एजंटांचे गुप्त पैसेवाटप

महाविद्यालयीन फुटबॉलमधील एजंटांचे गुप्त पैसेवाटप हा अमेरिकेच्या क्रीडाक्षेत्रात दीर्घकाळ चालत आलेला गैरप्रकार आहे. यात क्रीडा एजंट किंवा त्यांचे मध्यस्थ महाविद्यालयीन संघातून खेळणाऱ्या फुटबॉलपटूंना रोख रक्कम, मोटारगाडी, विमानाची तिकिटे किंवा कुटुंबीयांसाठी घर अशा स्वरूपात छुपे लाभ देतात. पुढे व्यावसायिक झाल्यावर त्या खेळाडूने आपलीच एजंट म्हणून नेमणूक करावी, हा त्यामागील हेतू असतो. या लेखात 'फुटबॉल' हा शब्द अमेरिकन फुटबॉल या अर्थाने वापरला आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील बहुसंख्य विद्यापीठांच्या क्रीडास्पर्धांचे नियमन नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन (एनसीएए) ही संस्था करते. महाविद्यालयीन खेळाडू हा हौशी खेळाडू असतो, या तत्त्वावर तिचे नियम अनेक दशके आधारलेले होते. खेळाडूला शिष्यवृत्ती मिळत असे. मात्र खेळाच्या बदल्यात वेतन घेण्यास त्याला मनाई होती. व्यावसायिक करारासाठी एजंटशी लेखी अथवा तोंडी करार केल्यास किंवा त्याच्याकडून लाभ स्वीकारल्यास त्याची खेळण्याची पात्रता रद्द होत असे.

दुसरीकडे, नॅशनल फुटबॉल लीगच्या (एनएफएल) नियमांनुसार माध्यमिक शाळा सोडल्यानंतर किमान तीन हंगाम उलटल्याखेरीज खेळाडूला 'ड्राफ्ट' या वार्षिक निवडप्रक्रियेत भाग घेता येत नाही. त्यामुळे गुणवान खेळाडूलाही ही वर्षे प्रायः विद्यापीठाच्या संघातच काढावी लागतात. मोठ्या विद्यापीठांच्या फुटबॉल संघांना तिकीटविक्री आणि दूरचित्रवाणीच्या हक्कांतून कोट्यवधी डॉलरचे उत्पन्न मिळते. संघातील अनेक खेळाडू मात्र अल्प उत्पन्न असलेल्या कुटुंबांतून आलेले असतात. ही तफावत या गैरप्रकाराचे एक प्रमुख कारण मानली जाते.

कार्यपद्धती

एनएफएलमधील खेळाडूंच्या संघटनेने एजंटांना खेळण्याच्या करारावर घेता येणारे कमिशन कमाल ३ टक्क्यांपर्यंत मर्यादित केले आहे. तरीही १ कोटी डॉलरच्या करारावर हे कमिशन ३ लाख डॉलरपर्यंत जाते. त्या तुलनेत विद्यार्थ्याला दरमहा दिलेले काही शे किंवा काही हजार डॉलर ही एजंटच्या दृष्टीने किरकोळ गुंतवणूक ठरते.

पैसे अनेकदा एजंट स्वतः देत नाही. त्यासाठी 'रनर' म्हणून ओळखले जाणारे मध्यस्थ नेमले जातात. हे मध्यस्थ बहुधा खेळाडूंच्याच वयाचे, त्यांच्या ओळखीतले किंवा त्याच संघाचे माजी खेळाडू असतात. काही प्रकरणांत खेळाडूच्या नातेवाइकांना किंवा प्रशिक्षकांना हाताशी धरले गेल्याचे आढळले आहे. व्यवहार गुप्त राखणे दोन्ही पक्षांच्या हिताचे असल्याने तो सहसा उघडकीस येत नाही. तो उघड करण्याची धमकी देऊन खेळाडूला बांधून ठेवता येते. मात्र असा करार मोडून खेळाडू दुसऱ्या एजंटकडे गेला, तर पहिल्या एजंटलाही उघडपणे दाद मागणे अवघड होते.

प्रमुख प्रकरणे

वॉल्टर्स आणि ब्लूम

संगीत कार्यक्रमांचे एजंट असलेले न्यू यॉर्कचे नॉर्बी वॉल्टर्स आणि त्यांचे भागीदार लॉइड ब्लूम यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यात ५८ महाविद्यालयीन खेळाडूंशी गुप्त करार केले. खेळाडूंची पात्रता अबाधित असल्याचे भासावे म्हणून या करारांवर पुढील तारखा घालण्यात आल्या होत्या. मोबदल्यात खेळाडूंना रोख रक्कम आणि मोटारगाड्या देण्यात आल्या. तथापि, ५८ पैकी केवळ दोघांनीच आपला शब्द पाळला. उर्वरित खेळाडू मिळालेले लाभ स्वतःकडे ठेवून इतर एजंटांकडे गेले. त्यानंतर काहींना शारीरिक इजेच्या धमक्या दिल्या गेल्याचे खटल्यात पुढे आले.

१९८९ मध्ये शिकागो येथील संघीय न्यायालयात दोघे दोषी ठरले. वॉल्टर्स यांना पाच, तर ब्लूम यांना तीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. १९९० मध्ये अपील न्यायालयाने ही दोषसिद्धी रद्द केली. पुढे वॉल्टर्स यांनी अपिलाचा हक्क राखून टपालाद्वारे फसवणुकीचा गुन्हा कबूल केला. परंतु १९९३ मध्ये तोही निकाल उलटला. विद्यापीठांनी अपात्र खेळाडूंना शिष्यवृत्ती दिली असली, तरी वॉल्टर्स यांनी विद्यापीठांकडून कोणतीही मालमत्ता मिळवली नव्हती, असे न्यायाधीश फ्रँक ईस्टरब्रुक यांनी निकालपत्रात नमूद केले.

या प्रकरणाची झळ खेळाडूंनाही बसली. ओहायो स्टेट विद्यापीठाचे क्रिस कार्टर यांना १९८७ चा अखेरचा महाविद्यालयीन हंगाम गमवावा लागला. ते पुढे एनएफएलमध्ये यशस्वी ठरले आणि २०१३ मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्यांचा समावेश झाला.

रेजी बुश

सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे (यूएससी) रेजी बुश यांना २००५ साली सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन खेळाडूसाठीचा हाइझमन करंडक मिळाला. विद्यापीठात असताना, क्रीडा विपणन कंपनी काढू पाहणाऱ्या दोघांकडून त्यांना व त्यांच्या कुटुंबाला आर्थिक लाभ मिळाल्याचा निष्कर्ष एनसीएएने जून २०१० मध्ये जाहीर केला. यूएससीच्या संघाला दोन वर्षे हंगामोत्तर सामन्यांतून वगळण्यात आले, ३० शिष्यवृत्त्या कमी करण्यात आल्या आणि आधीचे अनेक विजय रद्द ठरवण्यात आले. तोपर्यंत बुश एनएफएलमध्ये खेळत होते, तर प्रशिक्षक पीट कॅरल हेही एनएफएलमधील संघाकडे गेले होते. परिणामी शिक्षेचा भार मुख्यतः नंतर आलेल्या खेळाडूंवर पडला. बुश यांनी २०१० मध्ये सोडलेला करंडक एप्रिल २०२४ मध्ये त्यांना परत देण्यात आला.

जॉश लक्स यांचा कबुलीजबाब

ऑक्टोबर २०१० मध्ये माजी एजंट जॉश लक्स यांनी 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' या नियतकालिकातून ३० हून अधिक महाविद्यालयीन खेळाडूंना पैसे दिल्याची कबुली दिली. एका एजंटने स्वतःच्या नावानिशी या व्यवहारांचे तपशील मांडल्यामुळे ही कबुली विशेष गाजली.

नॉर्थ कॅरोलायना

२०१० मध्येच नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या अनेक फुटबॉलपटूंना एजंटांशी संबंधित लाभ घेतल्यावरून अपात्र ठरवण्यात आले. या प्रकरणी एजंट टेरी वॉटसन यांच्यावर राज्याच्या कायद्याखाली २०१३ मध्ये आरोप ठेवण्यात आले. २०१७ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केल्यावर त्यांना ५,००० डॉलर दंड आणि ३० महिन्यांची परिवीक्षा अशी शिक्षा झाली. कारावास झाला नाही.

कायदे

एजंटांच्या नियमनाचा कायदा प्रथम कॅलिफोर्निया राज्याने १९८१ मध्ये केला. राज्याराज्यांतील कायद्यांत एकवाक्यता यावी म्हणून २००० मध्ये 'युनिफॉर्म ॲथलीट एजंट्स ॲक्ट' हा नमुना कायदा तयार करण्यात आला आणि बहुतांश राज्यांनी तो स्वीकारला. त्यानुसार एजंटने नोंदणी करणे, करार झाल्यावर विद्यापीठाला ७२ तासांच्या आत कळवणे आणि पात्रता गमावण्याचा इशारा करारातच ठळकपणे देणे बंधनकारक आहे. विद्यार्थ्याला १४ दिवसांत करार रद्द करता येतो. २०१५ मध्ये या कायद्याची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध झाली. २००४ च्या 'स्पार्टा' या संघीय कायद्याने विद्यार्थी-खेळाडूला आमिष दाखवून करार मिळवणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली.

टीका

एनसीएएचा अधिकार सदस्य विद्यापीठे आणि त्यांच्या खेळाडूंपुरता मर्यादित आहे. एजंटांवर ती थेट कारवाई करू शकत नाही. त्यामुळे पैसे घेणाऱ्याला तत्काळ शिक्षा होते, तर पैसे देणारा अनेकदा सुटतो, अशी टीका होत आली आहे. खेळाडूंच्या श्रमातून इतरांना उत्पन्न मिळत असताना खेळाडूंना मात्र त्यात वाटा नाकारणे हेच या काळ्या बाजाराचे मूळ आहे, असे काही अभ्यासक मानतात. याउलट, गुप्त व्यवहारामुळे तरुण खेळाडू निष्पक्ष सल्ल्याला मुकतो आणि सर्वांत योग्य नव्हे, तर सर्वांत आधी पैसे देणारा एजंट निवडला जातो, असा आक्षेप नियमांचे समर्थक घेतात.

२०२१ नंतरची स्थिती

२१ जून २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'एनसीएए विरुद्ध ऑल्स्टन' या खटल्यात खेळाडूंच्या शैक्षणिक लाभांवरील मर्यादा एकमताने बेकायदेशीर ठरवल्या. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचे नाव, प्रतिमा आणि ओळख यांच्या वापरातून उत्पन्न मिळवण्याची, तसेच त्यासाठी एजंट नेमण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या 'हाउस विरुद्ध एनसीएए' खटल्यातील तडजोडीने विद्यापीठांना आपल्या उत्पन्नातील वाटा थेट खेळाडूंना देता येऊ लागला.

या बदलांमुळे पूर्वी गुप्तपणे होणाऱ्या व्यवहारांचा मोठा भाग उघडपणे करता येऊ लागला. मात्र एनएफएल खेळाडूंच्या संघटनेची ३ टक्के कमिशनची मर्यादा महाविद्यालयीन स्तरावरील करारांना लागू होत नाही आणि एजंटांच्या नोंदणीचे नियम राज्यागणिक वेगवेगळे आहेत. त्यामुळे नियमांचा रोख खेळाडूला पैशांपासून दूर ठेवण्याऐवजी जाचक करारांपासून त्याचे संरक्षण करण्याकडे वळवावा, अशी मागणी पुढे आली आहे.