पात्राची पत्रिका

पूर्वी घरात मूल जन्मास आले म्हणजे जोशीबुवा पंचांग उलगडून, घटिका-पळांचा मेळ घालून, बारा घरांची चौकट हाताने आखीत आणि तीत एकेक ग्रह बसवीत. आता जन्मवेळ आणि जन्मगाव सांगताच संगणक क्षणार्धात सुबक पत्रिका छापून देतो, गणितातही चुकत नाही, परंतु ती मांडली कशी हे समजावून सांगणारा माणूस मात्र विरळा झाला आहे. फलज्योतिषाच्या खरेखोटेपणाचा प्रश्न येथे नाही. हेच स्थित्यंतर गेल्या पन्नास वर्षांत अमेरिकेतील एका खेळात घडून आले, आणि त्या खेळातही प्रत्येक पात्राची एक पत्रिकाच असते.

तो खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या लहानशा गावी १९७४ साली तो प्रसिद्ध झाला. त्याच्या दोन कर्त्यांपैकी डेव्ह आर्नेसन हा मिनेसोटाचा. पटावर सैन्ये हाकण्याऐवजी प्रत्येक खेळाडूने एकाच माणसाचे सोंग घ्यावे आणि ते बैठकीमागून बैठक चालवावे, हा प्रयोग त्याने ‘ब्लॅकमूर’ या कल्पित प्रदेशात आधीच सुरू केला होता. दुसरा गॅरी गायगॅक्स. हा शिकागोच्या एका विमा कंपनीत जोखमीचा अंदाज बांधण्याचे काम करी, आणि १९७० मध्ये ती नोकरी सुटल्यावर जोडे दुरुस्त करून चरितार्थ चालवी. त्याने रचलेल्या नियमांत तऱ्हेतऱ्हेच्या कोष्टकांची जी रेलचेल दिसते, तीत विमा कचेरीतील जुन्या कारकिर्दीची छाया पाहण्याचा मोह आवरत नाही. पहिल्या आवृत्तीच्या अवघ्या १००० प्रती निघाल्या. एका पेटीत तीन पुस्तिका, एवढाच त्या संसाराचा पसारा.

खेळाची रीत अशी की, एकाने पंच व्हावे, ज्यास पुढे ‘डंजन मास्टर’ म्हणू लागले. त्याने भुयारे, राक्षस आणि खजिने कल्पावेत. इतरांनी आपापल्या पात्राने काय केले ते तोंडाने सांगावे. आणि जेथे यशापयशाचा संशय असेल तेथे फाशांनी निवाडा द्यावा. पात्राचा जन्मही फाशांतूनच होई. बळ, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि प्रभाव अशा सहा गुणांसाठी सहा वेळा तीन फासे टाकावयाचे आणि जी बेरीज येईल ती ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने लिहून घ्यावयाची. मूळ नियमांत तर हे फासेही खेळाडूने नव्हे, पंचाने टाकावेत असे होते, म्हणजे विधिलिखित लिहिणारा हात परकाच. तीन फाशांची २१६ दाने संभवतात. त्यांपैकी अठराची बेरीज एकाच दानाने येते, तर दहा किंवा अकरा ५४ दानांनी येतात. त्यामुळे बहुतेक पात्रे तुमच्याआमच्यासारखी मध्यम निपजत, आणि त्या मध्यम प्राण्यास घेऊन राक्षसाच्या गुहेत शिरणे यातच मौज असे.

त्या काळच्या साधनसामग्रीकडे जवळून पाहिले तर तिचे दारिद्र्य मोठे लोभस वाटते. वीस पैलूंचा फासा मुळात शाळांना गणिताची उपकरणे पुरविणाऱ्या दुकानातून येई. त्यावर शून्य ते नऊ हे आकडे दोनदा कोरलेले असत, आणि ते वाचता यावेत म्हणून खेळाडूस त्यांच्या खाचांत मेणाचा खडू घासावा लागे. प्लास्टिक इतके मऊ की काही महिन्यांत कोपरे झिजून फासा गोटीसारखा घरंगळू लागे. पात्राची पत्रिका म्हणजे वहीचे फाडलेले पान: वर नाव, खाली सहा गुण, मग शस्त्रे, दोर, मशाली, सोन्याची नाणी, आणि एका कोपऱ्यात प्राणांक. प्रत्येक जखमेसरशी तो आकडा खोडून नवा लिहावयाचा असल्यामुळे तेथला कागद आधी काळवंडे, मग पातळ होई आणि अखेरीस त्यास भोक पडे. त्या भोकाकडे पाहून ते पात्र किती लढायांतून गेले आहे याचा अंदाज बांधता येई.

पुढे नियमांचा विस्तार झाला, आणि साध्या चिटोऱ्याची खतावणी झाली. १९७७ च्या ‘ट्रॅव्हलर’ या अंतराळातील खेळात पात्राची पूर्वीची नोकरी चार-चार वर्षांच्या टप्प्यांनी फाशांवर ठरे, आणि दान उलटे पडल्यास पात्र खेळ सुरू होण्यापूर्वीच नोकरीत कामास येई. १९८१ च्या ‘चॅम्पियन्स’ या खेळाने फाशांऐवजी गुणांचे अंदाजपत्रकच खेळाडूच्या हाती दिले, प्रत्येक शक्तीची किंमत अपूर्णांकांनी गुणून-भागून काढावी लागे. या हिशेबशाहीचा कळस ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत झाला. उदाहरणार्थ, चोराचे पात्र घ्या. त्याची बुद्धी चौदा असेल तर तिच्याबद्दल दोनाची भर. चोराच्या पेशास ठरलेल्या आठात ती मिळवून दहा, आणि पहिल्या पातळीवर त्याची चौपट, म्हणजे कौशल्यांसाठी चाळीस गुण. पुढील प्रत्येक पातळीस दहा. आपल्या पेशातील कौशल्यास एक गुण खर्ची पडे, पेशाबाहेरच्या कौशल्यास दोन, आणि त्याची कमाल मर्यादाही निम्मी. पुढे बुद्धी वाढली तरी मागील पातळ्यांची थकबाकी मिळत नसे. म्हणून कोणत्या पातळीवर किती बुद्धी होती याची नोंद जपून ठेवणे प्राप्त होई. हा जमाखर्च बिनचूक ठेवणारा खेळाडू मंडळीत एखादाच असे, आणि बाकीचे त्याच्याकडेच तपासणीस कागद धाडीत.

अशा वेळी यंत्राचे साह्य घेण्याची कल्पना सुचली नसती तरच नवल. १९८९ मध्येच ‘डंजन मास्टर्स असिस्टंट’ या संगणकीय कार्यक्रमाचा दुसरा खंड पात्रे आणि खजिने घडवून देऊ लागला होता. १९९६ मध्ये नियमपुस्तकांसह पात्रनिर्मितीची सोय असलेली ‘कोअर रूल्स’ ही सीडी निघाली. तिसऱ्या आवृत्तीच्या पुस्तकासोबत तर पात्र घडविण्याच्या कार्यक्रमाचा नमुना असलेली सीडीच जोडलेली होती. म्हणजे हे नियम हाताने पेलणे कष्टाचे आहे, याची ती जणू ग्रंथकर्त्यांनीच दिलेली कबुली. त्याच सुमारास हौशी मंडळींनी ‘पीसीजेन’ हा कार्यक्रम लिहून विनामूल्य वाटला.

येथवर यंत्र हे घरचे कारकून होते. त्याने बेरजा कराव्यात, पत्रिका छापून द्यावी, आणि कागद मालकाच्या दप्तरात जावा. पुढील पालट अधिक खोल आहे. २००८ च्या चौथ्या आवृत्तीबरोबर वर्गणी भरून वापरावयाचे अधिकृत साधन आले. प्रारंभी ते आपल्या संगणकावर उतरवून घेता येई, परंतु २०१० च्या अखेरीस ते संकेतस्थळावर हलविण्यात आले, आणि १ जानेवारी २०२० रोजी कायमचे बंद झाले. ज्यांनी आपली पत्रिका छापून वा उतरवून स्वतःपाशी ठेवली होती त्यांची पात्रे वाचली. इतरांची परस्पर दप्तरदाखल झाली.

२०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘डी अँड डी बियाँड’ची कथा याहून बोधप्रद आहे. हे साधन देखणे, सुलभ आणि नवख्यास हात धरून नेणारे. परंतु त्याची मालकी हस्तांतरित होत गेली, आणि २०२२ मध्ये या खेळाची मालक असलेल्या हॅस्ब्रो कंपनीने ते सुमारे १४ कोटी ६३ लक्ष डॉलरांस विकत घेतले. २०२३ च्या जानेवारीत खेळाच्या नियमांवर इतरांसही साहित्य रचू देणाऱ्या खुल्या परवान्याच्या अटी बदलण्याचा घाट घातला गेला, तेव्हा खेळाडूंनी निषेधार्थ याच साधनाची वर्गणी रद्द करण्याचा सपाटा लावला, आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेस मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सर्वांस खुले करणे कंपनीस भाग पडले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये जुन्या मंत्रांच्या जागी नव्या आवृत्तीचे मंत्र लोकांच्या पत्रिकांत आपोआप बसविले जातील असे जाहीर झाले. ओरड झाली, आणि काही दिवसांतच तो हुकूम मागे घ्यावा लागला. दोन्ही वेळा रयतेचे म्हणणे चालले, हे खरे. तथापि, आपल्या पात्रास कोणता मंत्र येतो हे ठरविण्यासाठी आंदोलन करावे लागावे, अशी पाळी वहीच्या पानावर खेळणाऱ्यावर कधी आली नव्हती.

यंत्राच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. ज्यांस आकडेमोडीचा धाक वाटतो, ज्यांचे सोबती परगावी विखुरले आहेत, ज्यांस तीन तासांच्या बैठकीतील एक तास बेरजांत घालविणे परवडत नाही, त्यांच्यासाठी हे साधन उपकारकच आहे. शिवाय हाताने मांडलेल्या जुन्या पत्रिका चुकांनी भरलेल्या असत, हे विसरून चालणार नाही. खेदाची गोष्ट वेगळीच आहे. २०१४ पासूनच्या पाचव्या आवृत्तीचे नियम तिसरीपेक्षा पुष्कळ सोपे आहेत. बळ सोळा असेल तर तीन, प्रावीण्याचे दोन, मिळून तलवारीच्या वारास पाचाची भर, एवढेच त्याचे गणित. तरीही हे पाच आले कोठून, असे विचारताच पुष्कळांचे डोळे उत्तरासाठी पडद्याकडे वळतात. अवघड हिशेबासाठी नेमलेला कारकून हिशेब सोपा झाल्यावरही जागा सोडावयास तयार नाही, आणि मालक मात्र आपलीच वही वाचावयास विसरला आहे.

म्हणून या खेळात नव्याने पाऊल टाकणाऱ्यास एवढीच विनंती की, पहिले पात्र हाताने मांडावे. यास एक संध्याकाळ जाईल, चुका होतील, एखादा जाणता सोबती त्या दुरुस्त करील, आणि त्या दुरुस्तीतच निम्मे नियम आपोआप अंगवळणी पडतील. दुसऱ्या पात्रापासून यंत्र खुशाल वापरावे. मात्र प्रत्येक बैठकीनंतर एक प्रत कागदावर छापून आपल्या फायलीत लावावी. तिला भोक पडेपर्यंत ती कोणी बंद करू शकत नाही.