पानाचे ओझे : लांबलचक दस्तऐवज आणि मंदावणारे वर्ड प्रोसेसर

वर्ड प्रोसेसरमध्ये, म्हणजे मजकूर लिहिण्या-सुधारण्याच्या संगणकीय प्रणालीत, तीन-चारशे पानांच्या ग्रंथाच्या मध्यावर दोन शब्द घालू लागले की पडद्यावरील अक्षरे बोटांच्या मागे पडतात, आणि डीटीपीची कामे करणारे त्याला ‘फाइल जड झाली’ असे म्हणतात. हे निदान अर्धेच खरे आहे. पाचशे पानांच्या मराठी ग्रंथातील निव्वळ अक्षरांना दोन-तीन मेगाबाइट, म्हणजे मोबाइलवर काढलेल्या एखाद्या छायाचित्राइतकीच जागा लागते, आणि आजच्या संगणकाला ती किरकोळ आहे. जड होते ते पान. लिहिताना प्रत्येक क्षणी छापील पान समोर दिसलेच पाहिजे हा आग्रह संपादन-प्रणालींनी कसा स्वीकारला आणि त्याची किंमत कशी मोजली, हाच या संथपणाचा इतिहास होय.

आरंभी अडचण खरोखरच मजकुराची होती. सेमूर रुबिनस्टाइन यांच्या मायक्रोप्रो कंपनीसाठी रॉब बार्नबी यांनी लिहिलेला वर्डस्टार १९७८ मध्ये आला, तेव्हा सीपी/एम या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या यंत्रांची मेमरी जास्तीत जास्त ६४ किलोबाइट असे आणि तेवढ्यातच प्रणालीने व मजकुराने दाटीवाटीने राहायचे असे. न मावणारा मजकूर वर्डस्टार फ्लॉपीवरील तात्पुरत्या फाइलीत ढकलत असल्याने पुढे पुढे लिहीत जाणे सुसह्य होते, पण शेवटाकडून पुन्हा आरंभाशी यायचे तर तबकडीची घरघर ऐकत थांबावे लागे, आणि म्हणून प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल करण्याची सवय लेखकांना लागली. याच वर्डस्टारमध्ये परिच्छेदात दुरुस्ती केल्यावर ओळी आपोआप पुन्हा जुळत नसत. कंट्रोल आणि बी या कळा एकत्र दाबल्या, तरच तो परिच्छेद नव्याने बसवला जाई. आज ही उणीव वाटेल, परंतु मांडणीचे गणित केव्हा करायचे हे ठरवण्याचा अधिकार त्यात लेखकाकडे होता, आणि पुढच्या प्रणालींनी तो काढून घेतला.

साठवणीचा प्रश्न मात्र त्याआधीच कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे, झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात, बव्हंशी सुटला होता. तेथे १९७४ मध्ये बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी आल्टो या संगणकासाठी ब्राव्हो ही संपादन-प्रणाली रचली आणि तीत मजकूर ‘तुकड्यांच्या सारणी’ने सांभाळला. हस्तलिखित पोथीत गळालेला शब्द समासात लिहून ओळीत काकपदाची खूण करण्याची जी रीत होती, तिच्याशी या युक्तीचे जवळचे साम्य आहे : मूळ मजकुराला हात न लावता नवे शब्द निराळ्या जागी एकापाठोपाठ नोंदवायचे आणि कोणता तुकडा कोणत्या तुकड्यानंतर वाचायचा एवढेच सारणीत लिहायचे. मजकूर खोडायचा तर सारणीतील नोंद काढली की पुरे. त्यामुळे दुरुस्तीचा खर्च ग्रंथाच्या लांबीवर नव्हे, तर दुरुस्त्यांच्या संख्येवर अवलंबून राहिला. सिमोनी १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्डमध्ये ही सारणीही गेली. तिच्याच आधारे पुढे ‘फास्ट सेव्ह’ ही सोय आली, जीत सबंध ग्रंथ पुन्हा न लिहिता केवळ बदल फाइलीच्या शेवटी जोडले जात. साठवण झटपट होई, पण खोडलेला मजकूरही फाइलीत पडून राही आणि ती फुगत जाई. जड झालेली फाइल ‘सेव्ह अ‍ॅज’ने नव्या नावाने साठवली की हलकी होते, हा अनेकांनी मंत्रासारखा पाठ केलेला उपाय मुळात अगदी सयुक्तिक होता, कारण तसे करताना तुकडे मोडून मजकूर सलग लिहिला जाई.

ब्राव्होने आणखी एक गोष्ट जगाला दिली, ती म्हणजे छापल्यावर जसे दिसेल तसेच पडद्यावर दाखवण्याची प्रतिज्ञा, आणि खरा भार तेथून सुरू झाला. तीनशेवे पान कोठे सुरू होते हे ठरवायचे तर आधीच्या दोनशे नव्याण्णव पानांतील प्रत्येक ओळ कोठे तुटते ते ठाऊक असावे लागते. त्यात परिच्छेदाची शेवटची एकटी ओळ पुढच्या पानाच्या माथ्यावर जाऊ नये हा मुद्रणाचा जुना दंडक पाळायचा असतो, आणि तळटीप असेल तर गुंता आणखी वाढतो : खुणेची ओळ पुढच्या पानावर गेली की तिची टीपही तिच्यामागे जाते, टीप गेली की जागा मोकळी होते, आणि मोकळ्या जागेत तीच ओळ परत बसू शकते, पण टिपेशिवाय. रुंदी मजकुरानुसार आपोआप ठरणारे कोष्टक दहा-वीस पानांवर पसरलेले असल्यास एका घरातील एका शब्दामुळेही सगळ्या स्तंभांची रुंदी पुन्हा मोजावी लागते. वर्ड मांडणीसाठी निवडलेल्या मुद्रकाची मोजमापे विचारात घेतो, म्हणून जाळ्यावरचा बंद मुद्रकही संपादन अडवू शकतो, हे तर कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही. १९९५ च्या आवृत्तीपासून चुकीच्या शब्दांखाली लाल नागमोडी रेघ ओढणारी तपासणीही पाठीमागे अखंड चालू राहिली.

ही प्रतिज्ञाच नाकारणारी एक परंपरा होती. स्टॅनफर्ड विद्यापीठातील डोनाल्ड कनूथ यांनी १९७८ मध्ये सिद्ध केलेल्या टेक या अक्षरजुळणी-प्रणालीत लेखक साधा मजकूर लिहितो आणि पाने मागाहून वेगळी तयार होतात, त्यामुळे लिहिण्याचा वेग ग्रंथाच्या लांबीने बिघडत नाही. तिच्यावर उभारलेल्या लाटेक या प्रणालीत पृष्ठसंदर्भ जुळवण्यासाठी ग्रंथ किमान दोनदा चालवावा लागतो, कारण पुढच्या पानांचे क्रमांक पहिल्या फेरीत ठाऊकच नसतात. वर्ड जे काम झाकून ठेवतो तेच येथे उघड्यावर होते, एवढाच फरक.

वर्डच्या वापरकर्त्यांनी शोधलेले उपाय पाहिले तर त्यांतील बरेचसे त्या प्रतिज्ञेतून काही काळ सुटका करून घेण्याचेच आहेत. पानाऐवजी ‘ड्राफ्ट’ दृश्यात लिहावे, कोष्टकांची रुंदी कायम करून मोठी कोष्टके तोडावीत, ‘ट्रॅक चेंजेस’ने जपलेल्या जुन्या दुरुस्त्या एकदाच्या स्वीकाराव्यात, हे त्यांतले ठळक. दोष कोठे आहे ते कळत नसेल तर फाइलीच्या प्रतीचे दोन भाग करून कोणता भाग रेंगाळतो ते पाहावे आणि त्याचेही पुन्हा दोन भाग करावेत. शेवटच्या परिच्छेदचिन्हात शेवटच्या विभागाची मांडणी साठवलेली असते, म्हणून ते एक चिन्ह वगळून उरलेला सगळा मजकूर नव्या फाइलीत नेला की बिघडलेला दस्तऐवज पुष्कळदा ताळ्यावर येतो. प्रकरणांच्या फाइली एका सूत्रात बांधणारी वर्डची ‘मास्टर डॉक्युमेंट’ ही सोय मात्र फाइली बिघडवण्याबद्दलच प्रसिद्ध झाली. तीच कल्पना १९८६ च्या फ्रेममेकरने ‘बुक’ या नावाने नीट चालवून दाखवली होती, कारण तो मुळातच लांब ग्रंथांसाठी घडवलेला होता.

देवनागरीला या ओझ्यात आणखी एक वाटा उचलावा लागतो. युनिकोडमध्ये ‘कार्त्स्न्य’ या शब्दातील ‘र्त्स्न्य’ हे जोडाक्षर नऊ स्वतंत्र संकेतांनी साठवले जाते, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवून व्यंजनाआधी दाखवावी लागते, आणि अशी जुळणी झाल्याखेरीज शब्दाची रुंदी, म्हणजेच ओळ कोठे तुटते, हे कळत नाही. एकोणीसशे ऐंशीच्या दशकात कानपूरच्या आयआयटीत आकारास आलेल्या आणि नंतर पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेल्या जिस्ट तंत्रज्ञानात हा भार संगणकात बसवलेल्या स्वतंत्र कार्डाने वाहिला. डीटीपीच्या जुन्या फाँटांनी तो टाळलाच : त्यांत अक्षरांचे तयार आकार थेट बसवलेले असत, म्हणून ते चपळ होते, पण फाँट बदलताच मजकुराचा अर्थहीन चिन्हांचा ढीग होई. हा सौदा मराठीला महाग पडला.

ब्राउझरमधील संपादनानेही जुनीच वाट धरली. राइटली ही सेवा २००६ मध्ये गूगलने घेतली, तिच्यातून गूगल डॉक्स उभे राहिले, आणि ब्राउझरच्या आयत्या मांडणीवर विसंबणे पुरत नाही असे दिसल्यावर २०१० मध्ये ओळी आणि पाने मोजण्याचे काम त्या प्रणालीने स्वतःकडे घेतले. २०२१ मध्ये पान चित्राप्रमाणे स्वतःच रंगवण्याचेही ठरले. एका दस्तऐवजाला १० लाख २० हजार अक्षरांची मर्यादा तिने तरीही ठेवली आहे. २०२२ मध्ये गूगल डॉक्समध्ये ‘पेजलेस’ ही मांडणी आली, ती वेगासाठी नव्हे तर पडद्यावरील वाचनाच्या सोयीसाठी. तीत पानांच्या सीमा नाहीत, पृष्ठक्रमांक नाहीत आणि शीर्षपट्टीही दिसत नाही.