लिनक्सवरील ग्राफिक्स ड्रायव्हर

लिनक्सवरील ग्राफिक्स ड्रायव्हर म्हणजे लिनक्स कार्यप्रणाली आणि संगणकातील ग्राफिक्स प्रोसेसर (जीपीयू) यांना जोडणाऱ्या आज्ञावलींचा संच होय. तो योग्य रीतीने बसवलेला असल्यास खिडक्यांचे रेखन, त्रिमितीय दृश्ये आणि व्हिडिओचे विसंकेतन ही कामे जीपीयूकडे सोपवली जातात. यास हार्डवेअर त्वरण म्हणतात. ड्रायव्हर नसल्यास ही कामे मुख्य प्रोसेसरवर पडतात. पडदा दिसतो, परंतु व्हिडिओ अडखळतो, संगणक तापतो आणि लॅपटॉपची बॅटरी लवकर संपते.

रचना

लिनक्समध्ये ग्राफिक्स ड्रायव्हर हा एकच घटक नसून त्याचे तीन स्तर असतात. पहिला स्तर कर्नलमधील मोड्यूलचा. तो जीपीयूची स्मृती, कामांची रांग आणि पडद्याचे विभेदन सांभाळतो. दुसरा स्तर जीपीयूमध्ये चढवल्या जाणाऱ्या फर्मवेअरचा असतो. तिसरा स्तर ओपनजीएल व व्हल्कन या प्रमाणांनुसार आलेल्या आज्ञांचे जीपीयूच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या ग्रंथालयाचा असतो. यासाठी बहुतेक वितरणांत मेसा हे मुक्त ग्रंथालय वापरतात. यांपैकी एक स्तर गहाळ असला किंवा त्यांच्या आवृत्त्या जुळत नसल्या तरी त्वरण मिळत नाही.

इतिहास

ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये मेसाचे काम सुरू केले. त्याची पहिली आवृत्ती १९९५ मध्ये आली. २००९ मधील लिनक्स २.६.२९ पासून पडद्याचे विभेदन ठरवण्याचे काम कर्नलकडे येऊ लागले. एएमडीने २००७ मध्ये आपल्या जीपीयूंचे तांत्रिक दस्तऐवज खुले करण्याचे धोरण जाहीर केले आणि २०१५ मध्ये लिनक्स ४.२ मध्ये एएमडीजीपीयू हा ड्रायव्हर समाविष्ट झाला. एनव्हिडियाच्या जीपीयूंसाठी स्वयंसेवकांनी उलट अभियांत्रिकीतून घडवलेला नूवो हा ड्रायव्हर २०१० मध्ये लिनक्स २.६.३३ सोबत कर्नलमध्ये आला. पुढे या कंपनीच्या जीपीयूंना कंपनीने स्वाक्षरी केलेले फर्मवेअर आवश्यक ठरल्यामुळे नूवोला अनेक कार्डांचा वेग वाढवता येईना. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने ट्युरिंग व त्यानंतरच्या पिढ्यांसाठी कर्नल मोड्यूलचा स्रोत खुला केला.

स्थापना

ड्रायव्हर निवडण्यापूर्वी जीपीयूचा निर्माता व पिढी जाणून घेणे आवश्यक असते. 'एलएसपीसीआय' ही आज्ञा ही माहिती देते. तिला 'के' हा पर्याय जोडल्यास सध्या कोणते कर्नल मोड्यूल वापरात आहे हेही दिसते.

इंटेल व एएमडी यांचे कर्नल मोड्यूल कर्नलसोबतच येतात. त्यामुळे बहुधा फर्मवेअर व मेसाची पॅकेजे अद्ययावत ठेवणे पुरेसे असते. डेबियनमध्ये २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून आवश्यक फर्मवेअर अधिकृत स्थापकातच दिले जाते. एनव्हिडियाचा मालकीहक्काचा ड्रायव्हर वितरणाच्या भांडारातून घेणे श्रेयस्कर मानले जाते. निर्मात्याच्या संकेतस्थळावरील स्थापक पॅकेज व्यवस्थापकाच्या नोंदीबाहेर राहतो, त्यामुळे पुढील अद्ययावतीकरणात विसंगती उद्भवू शकते.

स्थापनेनंतर 'जीएलएक्सइन्फो' ही आज्ञा रेखनकर्त्याचे नाव दाखवते. तेथे जीपीयूऐवजी 'एलएलव्हीएमपाइप' हे नाव आल्यास रेखन मुख्य प्रोसेसरवर होत आहे असे समजावे. व्हिडिओचे त्वरण स्वतंत्र असते व ते 'व्हीएइन्फो' या आज्ञेने तपासतात.

सामान्य अडचणी

* काळा पडदा: कर्नल बदलल्यावर बाहेरचे मोड्यूल नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावे लागते. डीकेएमएस ही व्यवस्था ते आपोआप करते. मात्र त्यासाठी कर्नलच्या शीर्ष-फायली संगणकावर असाव्या लागतात.
* सिक्युअर बूट: ही सुविधा चालू असल्यास बहुतेक वितरणांत स्वाक्षरी नसलेले मोड्यूल नाकारले जाते. अशा वेळी मोड्यूलवर स्वाक्षरी करून तिची किल्ली संगणकात नोंदवावी लागते.
* 'नोमोडसेट': काळ्या पडद्यावर तात्पुरता उपाय म्हणून कर्नलला हा पर्याय दिला जातो. तो कायम राहिल्यास कर्नलचा ग्राफिक्स ड्रायव्हर सहसा सुरूच होत नाही आणि ड्रायव्हर बसवूनही त्वरण मिळत नाही.
* दोन जीपीयू: काही लॅपटॉपांत प्रोसेसरमधील व स्वतंत्र असे दोन जीपीयू असतात. वीज वाचवण्यासाठी सर्वसाधारण कामे पहिल्यावर चालतात आणि जड कामे दुसऱ्याकडे वळवावी लागतात.

पुणे जिल्ह्यातील वापर

जीपीयूचा उपयोग पडद्यापुरता मर्यादित नाही. पुणे जिल्ह्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण (जीएमआरटी) आहे. तिच्या सुधारित प्रणालीत अँटेनांकडून आलेल्या संकेतांचा परस्परसंबंध काढण्याचे काम जीपीयूंवर होते. पुणे येथील प्रगत संगणन विकास केंद्राचा (सी-डॅक) परम सिद्धी-एआय हा महासंगणक एनव्हिडियाच्या ए१०० जीपीयूंवर आधारित असून नोव्हेंबर २०२० च्या जागतिक टॉप५०० यादीत तो ६३ व्या स्थानी होता. नोव्हेंबर २०१७ पासून या यादीतील सर्व महासंगणक लिनक्सवर चालतात. अशा यंत्रांना पडदा जोडलेला नसला, तरी जीपीयूपर्यंत काम पोहोचवण्यासाठी कर्नल मोड्यूल, फर्मवेअर व ग्रंथालय हीच साखळी लागते.

हेसुद्धा पाहा

* लिनक्स
* मुक्त स्रोत
* महासंगणक